व्यंगचित्रकाराला पेपरात खुर्ची पाहिजे

दहावी-बारावीची पोरं अजूनही विचारतात, सर व्यंगचित्रकार व्हायचं तर काय करायचं, कुठला कोर्स असतोय. खानापूरहून विचारतात, निपाणीहून विचारतात, परवा येळ्ळूरच्या एकाने थेट चित्रांचे फोटोच पाठवले आणि हात खरंच चांगला आहे पोराचा. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकावं म्हटलं. मी स्वतः व्यंगचित्रकार नाही. बेळगावातल्या एका मराठी दैनिकात मी नोकरीभर पानं लावली, आधी खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून, मग ब्रोमाईड म्हणजे मजकूर उठवलेला फोटोचा कागद कापून चिकटवायचं, मग कॉम्प्युटर, आणि त्यातली बरीच वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर एक व्यंगचित्रकार बसायचे. सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून. पण या कामाबद्दल मला जे काय कळलं त्यातलं बहुतेक त्यांच्या टेबलाकडे बघून कळलं.

तर पहिलं उत्तर, वेगळा असा कोर्स नाही. लोअर-हायर ड्रॉइंगच्या परीक्षा द्या, जमलं तर कोल्हापूरच्या कलानिकेतनला किंवा मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टला जा, माणसाची फिगर पक्की करा, पर्स्पेक्टिव्ह पक्कं करा, ते सगळं लागतंच. पण राजकीय व्यंगचित्र म्हणजे अग्रलेखच असतो, फक्त रेषेत लिहिलेला, त्यामुळे काम निम्मं चित्रकाराचं आणि निम्मं पत्रकाराचं, आणि माझ्या मते पत्रकाराची बाजू जड. आमच्या भागावर चित्र काढायचं म्हटल्यावर १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं तेव्हा काय झालं हे माहीत पाहिजे, या सीमावादावर १९६६ ला महाजन आयोग कशाला नेमला, त्याने १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्या पण बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हटलं ते महाराष्ट्राने का मानलं नाही, ८१४ गावांची मागणी कशावर उभी होती, २००४ ला दावा सुप्रीम कोर्टात का गेला, हे सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. कारण दोन कॉलमाच्या चौकटीत खुलासा द्यायला जागा नसते. लेखात एखादं वाक्य ढिलं पडलं तर पुढच्या वाक्यात सावरता येतं, चित्रात एखाद्या माणसाच्या खांद्यावर चुकीच्या रंगाचा गमछा पडला की सगळं चित्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात माणसं उभी.

अण्णा दिवसा एका हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर होते. पाचला शाळा सुटली की सायकलवरून गणपत गल्ली, खडे बाजार करत, वाटेत दोन-तीन ठिकाणी थांबत ऑफिसला यायचे, आणि ते थांबणं म्हणजेच त्यांचं निम्मं काम होतं. भाजीवाली काय बडबडतेय, बँकेच्या लाईनीत लोक कुणाला शिव्या घालतायत, मार्केटात पाऊसपाण्याचं काय चाललंय. ऑफिसात आल्यावर आधी टेलिप्रिंटरवर आलेल्या बाहेरच्या बातम्यांचा गठ्ठा वाचायचा, मग तालुक्याच्या बातमीदारांची पाकिटं, मग कन्नड पेपर, प्रजावाणी आणि संयुक्त कर्नाटक, दोन्ही रोज. त्यांना कन्नड चांगलं वाचता येत होतं आणि ते म्हणायचे की पलीकडचा पेपर वाचल्याशिवाय अलीकडचं चित्र काढायचं नाही. मग चहा, मग संपादकांच्या केबिनमध्ये जाऊन दोन-तीन कल्पना तोंडी सांगायच्या, आणि साडेसातच्या आत चित्र माझ्या हातात, कारण डाक आवृत्तीचे गठ्ठे खानापूर, निपाणी, चंदगडच्या शेवटच्या गाड्यांना घालायचे असायचे. एकच चित्र रात्रीतून सीमेच्या दोन्हीकडे जायचं.

ऑफसेट छपाई यायच्या आधीची गोष्ट सांगतो कारण आताच्या पोरांना कल्पना नसते. चित्र छपाईच्या दीडपट-दुप्पट काढायचं, आयव्हरी कार्डवर, काळ्या इंडियन इंकने, टाक आणि ब्रश. कच्चं स्केच फिक्या निळ्या पेन्सिलीने, कारण ब्लॉकमेकरच्या कॅमेऱ्याला ती निळी रेष दिसतच नाही, खोडत बसायला लागत नाही. मग त्याचा फोटो, फोटोवरून जस्ताच्या पत्र्यावर, पत्रा ॲसिडमध्ये, जिथे रेष नाही तिथला पत्रा ॲसिड खाऊन टाकतं, रेष तेवढी उंच राहते, आणि तो पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला की पानात बसवायचा. लाईन ब्लॉकला करडा रंग माहीत नाही, काळं किंवा पांढरं एवढंच. सावली पाहिजे तर रेषा मारून तयार करायची, आणि फार जवळ जवळ मारल्या तर छापताना शाई भरून काळा डाग. म्हणून जुन्या लोकांच्या रेषा अशा मोकळ्या, हवेशीर असतात. न्यूजप्रिंटवर उद्या सकाळी काय उरणार आहे ते आज संध्याकाळी डोळ्यापुढे आणूनच टाक टेकवायचा.

एक चित्र जवळून दाखवतो.

उन्हाळ्याचे दिवस, बेळगावला पाणी देणारं राकसकोप धरण तळाला गेलेलं, शहराला पाणी आठवड्यातून कधीतरी. राकसकोपची पातळी आमच्याकडे पेपरात रोज येते आणि लोक ती सोन्याच्या भावाआधी बघतात. अण्णांनी पहिल्यांदा जे काढलं त्यात सगळं होतं, नळ, बायका, नगरसेवक, एक इंजिनियर, आणि खाली दोन ओळींचं कॅप्शन. संपादकांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अण्णा, गर्दी झाली की ओ." अण्णा परत टेबलावर आले, दुसरं कार्ड घेतलं. आधी नगरसेवक गेला. मग इंजिनियर गेला. थोडा वेळ बायका राहिल्या, मग त्याही गेल्या, आणि राहिल्या फक्त घागरी. आमच्याकडे गल्लीत नळाला लाईन माणसांची नसते, भांड्यांची असते, बाई आपली घागर लावून घरात कामाला जाते. तर नुसती भांड्यांची लाईन, नळापासून सुरू होऊन चौकटीच्या बाहेर गेलेली. पहिली तांब्याची कळशी, तिच्या पोटावर ठोक्यांच्या खुणा. मग प्लास्टिकची घागर, मग तेलाचा डबा कापून दांडा बसवलेला, मग परत प्लास्टिकची, हिला भोक पडलेलं आणि डांबर लावून बुजवलेलं, मग एक बारकी बादली, पोराची असावी अशी. माणूस एकही नाही पण गल्लीतली सगळी घरं त्या लाईनीत उभी होती. आणि नळावर एक कावळा, चोचीत खडा धरलेला, मान वाकडी करून नळाच्या तोंडात बघतोय.

कावळा त्यांनी सगळ्यात शेवटी काढला. ब्रश भरून एका दमात काळा, पंखाच्या कडेला केसाएवढी पांढरी फट सोडलेली, आणि डोळ्याचा ठिपका पांढरा ठेवलेला. कॅप्शन काढूनच टाकलं. मी विचारलं, खाली काहीच नको? म्हणाले, "गोष्ट सगळ्यांना येते, तू पान लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट्रल बस स्टँडच्या बाहेर चहाच्या गाड्यावर मी उभा होतो. शेजारी बैलहोंगलकडचा एक म्हातारा, डोक्याला पटका, त्याला मराठी वाचता येत नव्हतं हे उघड होतं कारण पेपर त्याने नुसताच चाळायला घेतला होता. पान उलटता उलटता चित्रावर थांबला, कावळा बघितला, घागरी बघितल्या, आणि गाडेवाल्याकडे पेपर फिरवून म्हणाला, "खरे ऐत्री," म्हणजे कन्नडमध्ये, खरं आहे. गाडेवाला आमचा मराठी माणूस, तोही हसायला लागला. त्या गावात त्या वर्षी पाण्यावरून, पाट्यांवरून, शाळेवरून किती ताण होता हे आठवतं, आणि दोन माणसं एका चौकटीपुरती एका बाजूला उभी राहिलेली मी बघितली. सीमाभागात व्यंगचित्रकार का पाहिजे असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

शब्दाशिवाय चित्राचा विषय निघाला म्हटल्यावर शि. द. फडणीसांचं नाव घ्यायलाच पाहिजे, आणि आमच्या भागातल्या लोकांनाच हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं, की शि. द. मूळचे आपल्याकडचे. २९ जुलै १९२५ चा जन्म, निपाणी भागातलं भोज. पुढे कोल्हापूर, मग जे.जे., मग हंस आणि मोहिनी या मासिकांची मुखपृष्ठं. ती मांजर आणि उंदरांची मोहिनी, त्याच्या शर्टावर मांजरं आणि तिच्या साडीवर उंदीर, बस स्टॉपवर उभे, एक अक्षर नाही. ते राजकीय व्यंगचित्रकार नव्हेत, हास्यचित्रकार, त्यांचा माणूस कुठल्या पक्षाचा नसतो. पण राजकीय चित्र काढणाऱ्यानेही त्यांच्याकडून एक शिकावं, वाचणाऱ्यावर विश्वास टाकायचा. अण्णांकडे मोहिनीचे अंक होते, टेबलाच्या खालच्या खणात, आणि ते वाचायला नाही, रेषा बघायला काढायचे.

बेळगावात हात कमी कधीच नव्हते. के. बी. कुलकर्णी सरांनी या गावात बसून पोर्ट्रेट आणि लँडस्केप शिकवलं, त्यांच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे, १९३५ चा जन्म इथलाच, पुढे केवढं काम करून गेले. पण परांजप्यांना गाव सोडावंच लागलं, शि. द. फडणीसांनासुद्धा इथे राहून ते करता आलं नसतं. चित्रकाराला निदान गिऱ्हाईक शोधत फिरता येतं. पेपरच्या व्यंगचित्रकाराला पेपरातच टेबल लागतं, आणि ते टेबल या बाजूला फारसं कुणी मांडलंच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. टॅलेंट, टॅलेंट सगळे करतात, पण या करिअरमध्ये टॅलेंटला उभं राहायला तीन गोष्टी लागतात, रोजची ठरलेली जागा, महिन्याचा पगार आणि पाठीशी उभा राहणारा संपादक. या तीन असल्या तर साधा हातही दहा वर्षांत धारदार होतो, नसल्या तर चांगला हातही लग्नपत्रिका आणि बॅनर करत बसतो.

आर. के. लक्ष्मण बघा. आपल्याच राज्यातले, म्हैसूरचे, १९२१ चा जन्म. जे.जे.ने त्यांना प्रवेश नाकारला होता ही गोष्ट सगळे सांगतात आणि जिद्दीचं उदाहरण देतात, ठीक आहे. मला त्यात पुढची गोष्ट मोठी वाटते. म्हैसूरला कॉलेजात असताना कोरवंजी नावाच्या कन्नड विनोदी मासिकात, भावाच्या म्हणजे आर. के. नारायण यांच्या गोष्टींना हिंदूमध्ये चित्रं, मग मुंबईला फ्री प्रेस जर्नल, तिथे शेजारी बाळासाहेब ठाकरे, आणि मग टाइम्स ऑफ इंडिया. १९५१ पासून यू सेड इट हे रोजचं छोटं व्यंगचित्र, ते चौकड्याच्या कोटातलं धोतर नेसलेलं म्हातारं रोज पहिल्या पानावर. पन्नासवर वर्षं एकाच पेपरात, रोज. सकाळी ऑफिसला यायचं, सगळे पेपर वाचायचे, डोकं धरून बसायचं, संध्याकाळपर्यंत चित्र द्यायचं. तो सामान्य माणूस एका दिवसात झालेला नाही, सुरुवातीला बंगाली, तामिळ, पंजाबी अशी वेगवेगळी माणसं काढत काढत लक्ष्मण शेवटी त्या एकावर आले. रोजची जागा होती म्हणून ते शोधायला वेळ मिळाला. आठवड्यातून एकदा, तेही जाहिरात नसेल तर, अशा जागेत असं पात्र जन्माला येत नाही. बाळासाहेबांनी वेगळी वाट धरली, नोकरी सोडून १३ ऑगस्ट १९६० ला भावाबरोबर स्वतःचा मार्मिक काढला, म्हणजे खुर्ची मिळत नाही म्हटल्यावर घरच बांधलं. पण ते प्रत्येकाला शक्य नसतं, साप्ताहिक चालवणं म्हणजे वेगळाच धंदा.

लक्ष्मण ज्यांना मानायचे ते डेव्हिड लो, मूळचे न्यूझीलंडचे, लंडनला १९२७ पासून इव्हनिंग स्टँडर्डला. पेपरचा मालक लॉर्ड बीव्हरब्रुक कट्टर उजवा, लो डाव्या विचारांचा, आणि तरी करारातच लिहून घेतलेलं की काय काढायचं ते लो ठरवणार. हिटलरवरच्या त्यांच्या चित्रांनी जर्मनीत एवढा संताप झाला की तिथे पेपरवर बंदी आली. मालकाला न पटणारं चित्र मालकाच्याच पेपरात रोज छापून येतं, हे ज्या करारात बसलं तो करार मला चित्रांइतकाच मोठा वाटतो.

आपल्याकडे दिल्लीचे व्यंगचित्रकार शंकर, म्हणजे के. शंकर पिल्लई. १९४८ ला शंकर्स वीकली सुरू केलं, नेहरूंनी सांगितलेलं की मलाही सोडू नका, आणि शंकरनी खरंच सोडलं नाही. अबू, कुट्टी, ओ. व्ही. विजयन ही सगळी तिथून घडलेली माणसं, म्हणजे एका माणसाने स्वतःचं टेबल मोठं करून अजून चौघांना बसवलं. १९७५ ला आणीबाणीत ते साप्ताहिक बंद झालं. त्याच आणीबाणीत डिसेंबरात अबूंचं ते चित्र इंडियन एक्सप्रेसमध्ये आलं, राष्ट्रपती बाथटबमध्ये, तिथूनच सही केलेला वटहुकूम देतायत आणि अजून असतील तर थांबायला सांगा म्हणतायत. सेन्सॉर चालू असताना. ते चित्र मी पहिल्यांदा अण्णांच्या टेबलावरच्या काचेखाली बघितलं, पिवळं पडलेलं कात्रण.

आता आमच्या गावचं सांगतो, कारण दिल्ली-मुंबईचं धाडस वेगळं आणि छोट्या गावचं वेगळं. दिल्लीत ज्याचं चित्र काढलं तो तुम्हाला रस्त्यात भेटत नाही. इथे ज्या आमदाराचं नाक मोठं काढलं तो संध्याकाळी लग्नात शेजारच्या ताटावर असतो. १ नोव्हेंबरला तर बेळगावात एकाच दिवशी दोन गावं असतात, इकडे संभाजी उद्यानातून काळ्या दिनाची सायकल फेरी, तिकडे चन्नम्मा सर्कलला कर्नाटकाचा राज्योत्सव, मध्ये पोलीस. मी मराठी माणूस आहे, ती फेरी माझी आहे, यात कुणाला शंका नको. पण एका वर्षी अण्णांनी त्या दिवशी जे चित्र काढलं ते मला आजही बरोबर वाटतं. एक म्हातारी, हातात औषधाची पिशवी आणि केसपेपर, डावीकडे बॅरिकेड, उजवीकडे बॅरिकेड, मध्ये ती उभी, कुठून जाऊ असं विचारल्यासारखी हवालदाराकडे बघतेय आणि हवालदारही तिच्यासारखाच दमलेला. झेंडा कुठलाच नाही. दुसऱ्या दिवशी फोन आले, आणि जास्त आपल्याच लोकांचे आले, काळ्या दिनाला हे काय काढलंय म्हणून. आमचे त्या वेळचे संपादक, आता नाहीत ते, प्रत्येक फोन स्वतः घ्यायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "चित्र मी पास केलंय, बोलायचं ते माझ्याशी बोला." अण्णांना एकही फोन जोडून दिला नाही. अण्णा त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आले, नेहमीसारखे गठ्ठा वाचायला बसले. पाठीशी उभा राहणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं.

आणि पैसे. हे न सांगता पोरांना या वाटेला लावणं बरोबर नाही. अण्णांचं घर शाळेच्या पगारावर चाललं, पेपरचं मानधन म्हणजे शाई-कागदाचा खर्च जाऊन थोडं हातात. फुल टाइम त्यांना कधीच घेतलं नाही. त्यांनी काम थांबवलं तेव्हा मॅनेजमेंट नवीन होतं, त्यांनी दुसरा माणूस बघितला नाही, ती चौकट जाहिरात विभागाला गेली, काही महिने तिथे क्लासेसची जाहिरात यायची आणि मी रोज रात्री ते पान लावताना तिथे हात अडखळायचा. त्यानंतर या भागात काय काय झालं बघा. ११ ऑक्टोबर २०१२ ला सुवर्ण विधानसौधचं, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीचं, उद्घाटन, एवढी मोठी इमारत आणि अधिवेशन वर्षातून थोडे दिवस. २०१४ च्या जुलैत 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक काढण्यावरून वाद आणि लाठीमार. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून बेळगावचं बेळगावी. २०१९ च्या ऑगस्टचा महापूर. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद परत पेटला, गाड्यांवर दगड, बस बंद, सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला पोलीस, आणि माणसं बॅग डोक्यावर घेऊन इकडच्या गाडीतून उतरून तिकडच्या गाडीकडे चालत. यातल्या एकाही गोष्टीचं चित्र आमच्या पेपरात आमच्या माणसाच्या हातचं नाही. बातम्या आहेत, फोटो आहेत. पण बॅग डोक्यावर घेऊन चालणाऱ्या त्या माणसाला काय वाटत होतं ते फोटोत येत नाही, तो फक्त धूसर पाठमोरा येतो.

हे फक्त आमच्या गावचं दुखणं नव्हे. न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं बंद केली. २०२३ च्या जुलैत अमेरिकेतल्या मॅक्लॅची या पेपर कंपनीने एकाच दिवशी तीन व्यंगचित्रकारांना घरी पाठवलं, तिघेही पुलित्झर, म्हणजे तिथलं पत्रकारितेतलं मोठं बक्षीस, मिळालेले. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्टच्या व्यंगचित्रकार ॲन टेलनेस यांनी राजीनामा दिला, पेपरचे मालक आणि इतर धनवान ट्रम्पच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकतायत असं त्यांचं चित्र छापायला नकार मिळाला म्हणून. तिथे पुलित्झरवाल्यांची ही गत. म्हणून जेव्हा कोण म्हणतं की आता इन्स्टाग्राम आहे, पेपर कशाला पाहिजे, तेव्हा मला पटत नाही. फोनवर चित्र लाखभर लोकांना जाईल, मान्य, आणि नवीन पोरं टॅबलेटवर जे काढतात त्यातलं काही फारच सुंदर आहे. पण फॉरवर्ड होता होता सही कापली जाते, पैसे कुणी देत नाही, आणि गडबड झाली तर तुम्ही एकटे. २०१२ ला असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत अटक झाली, राजद्रोहाचं कलम लावलेलं, नंतर ते मागे घेतलं, पण तो मुलगा आत गेला तेव्हा त्याच्यामागे कुठल्या पेपरची लीगल टीम नव्हती. त्याच वर्षी अकरावीच्या पुस्तकातलं शंकरांचं १९४९ चं चित्र, संविधान निर्मितीवरचं, गोगलगायीवर बसलेले आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू असं, लोकांच्या भावना दुखावल्या म्हणून पुस्तकातून वगळलं गेलं, आणि त्या पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर सरांच्या पुण्याच्या ऑफिसवर हल्ला झाला. त्या चित्राबद्दल लोकांना राग का आला हे मी समजू शकतो, चाबूक कुणाच्या पाठीवर दिसतो याचा आपल्या समाजात अर्थ असतो आणि चित्र काढणाऱ्याने तो विसरायचा नसतो. हल्ल्याचं समर्थन मात्र मी कधीच करणार नाही. या असल्या वेळेला चित्रकार आणि जमाव यांच्यामध्ये एक संपादक उभा लागतो, फोन घेणारा.

म्हणून पोरांना जे सांगायचं ते सांगतो. रोज एक काढा, छापून येवो न येवो, आणि मागे तारीख टाका. मराठी पेपर वाचा आणि कन्नड वाचायला शिका, इथे राहून कन्नड न वाचणारा व्यंगचित्रकार अर्ध्या गावाला मुकतो. नेत्यांचे चेहरे फोटोवरून घोकू नका, सभेला जा, माणूस खुर्चीवरून उठतो कसा, माईक धरतो कसा ते बघा, चेहऱ्यापेक्षा उठबस जास्त ओळख देते. सही चित्राच्या आत घाला, कोपऱ्यात नको, कापता येऊ नये अशी. बेंगळूरला गेलात तर एम.जी. रोडजवळ इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्सची गॅलरी आहे, तिथे जाऊन ओरिजिनल्स बघा, छापलेल्यात न दिसणारं खूप दिसतं, पांढऱ्याने कुठे दुरुस्त केलंय, कुठे दोनदा विचार केलाय. आणि पोटापाण्याची दुसरी नोकरी धरा, त्यात कमीपणा नाही, अण्णांनी तसंच केलं आणि शाळेतली पोरंही त्यांनी तितकीच मनापासून शिकवली.

संपादक मंडळींना, यातले बरेच मला ओळखतात, एवढंच. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा ठेवा, पण वार ठरवून ठेवा आणि जाहिरात आली तरी ती चौकट हलवू नका. दोन कॉलम, चार इंच. एका माणसाला महिन्याचे ठरलेले पैसे द्या, चित्रामागे मोजून नको, मोजून दिलं की माणूस विचार करायला वेळ घेत नाही. चंदगडला, सावंतवाडीला, गोव्याला जाणाऱ्या तुमच्या पेपरात या भागाची म्हणून एक ओळख राहील, जी पुण्या-मुंबईच्या कुठल्या आवृत्तीला आणता येणार नाही.

आणि एक काम मी सध्या सुरू केलंय त्यासाठी मदत पाहिजे. अण्णांची आणि त्या काळात बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पेपरांत, साप्ताहिकांत, दिवाळी अंकांत चित्रं काढणाऱ्या इतरांची चित्रं गोळा करतोय. ब्लॉक तर भंगारात गेले, ऑफिसच्या फायली पावसात भिजल्या, आता जे असेल ते लोकांच्या घरी आहे. वडिलांनी, आजोबांनी वहीत कात्रणं चिकटवून ठेवली असतील, माळ्यावर ट्रंकेत जुने पेपर असतील तर टाकू नका, मला कळवा, मी घरी येऊन बघून जातो. लांब असाल तर मोबाईलवर फोटो काढून पाठवला तरी चालेल, फक्त खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, कागद सपाट करून वरून सरळ काढा, आणि मागच्या बाजूचाही फोटो पाठवा कारण बऱ्याच वेळा कात्रणावर तारीख नसते, पण मागे छापलेल्या बातमीवरून किंवा सिनेमाच्या जाहिरातीवरून दिवस शोधता येतो.